ओल्ड कोर्सवर कुठला होल कसा खेळायचा? १८ हँडिकॅपवाल्यासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा गोल्फचा हँडिकॅप १८. जूनमध्ये आम्ही चौघे मित्र स्कॉटलंडला चाललोय, आणि सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एक टी टाइम (खेळ सुरू करायची राखीव वेळ) हातात आलाय. नकाशा उघडला तर सगळा एकच मोठा माळ दिसतो. होलप्रमाणे काय करायचं, कुठे मारायचं, हे तिथे खेळलेल्या कुणीतरी सांगा."

मी पुण्यात वीसेक वर्षं गोल्फ शिकवतोय आणि ओल्ड कोर्सवर आजवर सहा राउंड खेळलोय. पहिले दोन राउंड मी इथल्या सवयीने खेळलो आणि पार फसलो. म्हणून हातचं न राखता लिहितो.

आधी आकडा. कोर्स पार ७२ चा, म्हणजे कसलेल्या खेळाडूने अठरा होल ७२ फटक्यांत संपवावेत अशी अपेक्षा. तुमचा हँडिकॅप १८, म्हणून तुम्हाला ढोबळमानाने होलमागे एक फटका जादा. म्हणजे ९० झाले की तुम्ही तुमच्या पारवर आहात. पार ४ च्या होलला ५ काढायचे आहेत हे विमानात बसण्याआधी स्वतःशी पक्कं करा. तिथे ज्यांचं कार्ड फाटतं त्यांच्यातले बरेचजण ४ च्या मागे लागून ८ घेतात.

आता कोर्सची ठेवण. आंबे उतरवायची आकडी असते ना, तसा हा कोर्स आहे. सरळ जातो, टोकाला वळतो आणि त्याच वाटेने परत येतो. जाताना तुमच्या उजव्या हाताला गॉर्सची काटेरी झुडपं आणि डावीकडे परतीचे फेअरवे, म्हणजे होलचे कापलेल्या गवताचे पट्टे. येताना पुन्हा डावीकडे जातानाचे फेअरवे आणि उजवीकडे काही ठिकाणी चक्क हद्द, म्हणजे बॉल पलीकडे गेला की दंड. त्यामुळे तिथला प्रत्येक कॅडी (पिशवी उचलून सल्ला देणारा सोबती) पहिल्या तासात तुम्हाला सांगणार की डावीकडे मारा. खरंच आहे ते, पण अर्धं. डावीकडून बॉल सापडतो, मात्र पुढच्या फटक्याच्या वाटेत बंकर (वाळूचा खड्डा), उंचवटा किंवा दोन्ही येतात. उजवीकडे जितकं धोक्याजवळ जाल तितकं ग्रीन (झेंडा आणि भोक असलेली आखूड गवताची जागा) उघडं होत जातं. कोर्सचं सगळं डोकं या एका देवाणघेवाणीत आहे. म्हणून टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलात की आधी झेंडा कुठे आहे ते पाहायचं, मग तिथे शेवटचा फटका कुठून सोपा जाईल ते ठरवायचं, आणि त्यानंतर पिशवीत हात घालायचा. आपण नेमकं उलटं करतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, आधी बाहेर काढतो.

झेंड्याबद्दल एक खुलासा. चौदा होलांची ग्रीन जोडीने आहेत, एका ग्रीनवर दोन होल, आणि जोडीतल्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते. दुसऱ्याचं सोळाव्याबरोबर, पाचव्याचं तेराव्याबरोबर, सातव्याचं अकराव्याबरोबर. स्वतंत्र ग्रीन फक्त १, ९, १७ आणि १८ या होलांना. जाताना झेंडा पांढरा, परतीला लाल. ग्रीन इतकी प्रचंड आहेत की "ग्रीनवर आलो" याला अर्थ उरत नाही. चुकीच्या टोकाला उतरलात तर पन्नास-साठ यार्डांचा पट (पटर या क्लबने बॉल जमिनीवरून ढकलायचा फटका) करावा लागतो, आणि तिथून तीनात आटोपलं तरी छान झालं म्हणायचं.

बंकर ११२ आहेत. त्यांची भिंत हिरवळीच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेली असते, अगदी भाकरींच्या चवडीसारखी, आणि ती जवळजवळ सरळ उभी असते. बरेचसे बंकर लहान तोंडाचे आहेत आणि भोवतालची जमीन त्यांच्याकडेच उतरते. बंकरपासून तीन यार्ड लांब पडलेला बॉल हळूहळू आत जाताना मी स्वतः पाहिलाय. २००० साली टायगर वुड्सने इथे ओपन (ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा) आठ फटक्यांनी जिंकली तेव्हा चार दिवसांत त्याचा बॉल एकदाही बंकरमध्ये गेला नाही. जगातला सगळ्यात लांब मारणाऱ्यांतला तो, पण त्या आठवड्यात त्याने कुठे मारायचं नाही हे पाळलं. तुमचा बॉल आत गेलाच तर झेंड्याकडे बघूही नका. आडवा काढा, गरज पडली तर मागे काढा. भिंतीला चिकटून बसला असेल तर २०१९ पासून नियमात एक सोय आहे: दोन फटके दंड घेऊन बॉल बंकरच्या बाहेर, मागच्या रेषेवर टाकता येतो. आत तीनदा घाव घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणखी एक गोष्ट, जमीन. पावसाळ्यात आपल्या कोर्सवर बॉल उंच टाकला की जागच्या जागी थांबतो, आणि आपला हात त्यालाच सरावलेला असतो. तिथे खाली वाळू, वर आखूड फेस्क्यू गवत. बॉल पडतो आणि पळत सुटतो. म्हणून जायच्या आधी एप्रिल-मेमध्ये, आपले फेअरवे उन्हाने टणक झालेले असताना, ग्रीनच्या बाहेर पंचवीस-तीस यार्डांवरून पटरने मारायचा सराव करा. लोक बघून हसतील, हसू द्या. ओल्ड कोर्सवर हा फटका तुम्हाला दहा-बारा वेळा लागणार आहे. सँड वेज या उंच उडवायच्या क्लबने बॉल हवेत उचलायचा मोह तिथे फार महागात पडतो. लाय, म्हणजे बॉलखालची जमीन, इतकी घट्ट असते की क्लब बॉलच्या जरा मागे लागला की बॉल पायापाशीच राहतो.

आता होल.

पहिला होल, बर्न. ३७५ यार्डांच्या आसपास, एकही बंकर नाही, आणि अठराव्याशी जोडलेला फेअरवे जगात क्वचित सापडेल इतका रुंद. मागे लोक उभे असतात, हात थरथरतात. इथे ड्रायव्हर लागतच नाही. हायब्रिड या मधल्या पल्ल्याच्या क्लबने १९०-२०० यार्ड, मध्याच्या किंचित डावीकडे. उजवीकडे हद्द आहे आणि ओढाही त्या अंगाला वळून पुढे येतो, म्हणून उजवीकडून मिळवण्यासारखं काही नाही. खरा होल दुसऱ्या फटक्याला सुरू होतो, कारण स्विल्कन बर्न हा ओढा ग्रीनच्या अगदी काठाला लागून वाहतो. झेंडा पुढे लावलेला असला तर तो पाण्यातच रोवल्यासारखा दिसतो. हिशोबात जो क्लब येईल त्याहून एक मोठा घ्या आणि झेंड्याच्या मागे उतरा. मागे ग्रीन भरपूर आहे. पहिल्याच होलला दोन पटांत ४ किंवा तीन पटांत ५, काहीही चालेल. पाण्यातून काढलेला ७ मात्र पुढचे तीन होल डोक्यात घोळत राहतो.

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला फारसं सांगण्यासारखं नाही. गॉर्स टाळा, फेअरवेच्या डाव्या अर्ध्यात राहा, ग्रीनच्या तोंडाशी असलेले उंचवटे बॉलला कुठे ढकलतात ते कॅडीला विचारा. चौथ्याला वाट अरुंद वाटते, तिथे लांबीच्या मागे लागू नका.

पाचवा पार ५ आहे. ड्राइव्हच्या उजव्या अंगाला सात बंकरांचा घोळका, म्हणून टीवरून डावीकडे, ते निर्विवाद. फसवणूक पुढे आहे. ग्रीनच्या आधी एक खोल घळ आहे आणि ती फेअरवेवरून दिसत नाही, त्यामुळे झेंडा वीस-तीस यार्ड जवळ भासतो. हे तेराव्याबरोबरचं ग्रीन जवळपास शंभर यार्ड पसरलेलं आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा घ्या आणि त्यात एक क्लब वाढवा.

सहा ते दहा हा भाग तुम्हाला फटके परत मिळवून देतो. होल आखूड आहेत. नववा आणि दहावा तर वारा मागून असेल तर ग्रीनजवळ पोचण्याइतके. पण नवव्याच्या फेअरवेच्या बरोबर मधोमध बंकर आहेत, आणि लोक नेमके इथेच हावरटपणा करतात. बंकरच्या अलीकडे थांबलात तर हातात वेज असतो, ग्रीन सपाट, जमिनीच्या पातळीवर. मग पुढे जायची घाई कशाला?

वाऱ्याबद्दल इथेच सांगतो, कारण या टोकाला सगळं उलटंपालटं होतं. जाताना पाठीवर असलेला वारा वळणावर आधी बाजूने, मग तोंडावर येतो, आणि सातवा व अकरावा होल तर एकमेकांना छेदतात. प्रत्येक टीवर नव्याने झेंडे पाहा. तोंडावर वारा असेल तर जोर लावायचा नाही. दोन क्लब मोठा घ्या, ग्रिप दोन बोटं खाली धरा आणि पाऊण स्विंगने सावकाश मारा. जोरात मारलेला बॉल जास्त फिरतो, फिरला की वर चढतो, आणि वर गेला की वाऱ्याचा होतो.

अकरावा. पार ३, मागे ईडन नदीची खाडी, साधारण १६५ यार्ड. माझ्या मते कोर्सवरचा सगळ्यात कठीण ३. ग्रीनच्या पुढच्या उजव्या अंगाला स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर, आणि ग्रीन मागून पुढे इतकं उतरतं की पहिल्यांदा पाहिल्यावर कुणीतरी उचलून तिरकं ठेवल्यासारखं वाटतं. १९२१ च्या ओपनमध्ये तरुण अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्स याच हिल बंकरमध्ये अडकला आणि त्याने स्पर्धा अर्ध्यावर सोडली. पुढे १९२७ ची ओपन आणि १९३० ची अमॅच्युअर (हौशी खेळाडूंची स्पर्धा) त्याने याच कोर्सवर जिंकली आणि गाव त्याच्यावर जीव टाकायला लागलं.

माझ्या पहिल्या राउंडला झेंडा स्ट्रॅथच्या बरोबर मागे होता. मी सहा नंबरच्या क्लबने चांगला, भरीव फटका मारला. बॉल झेंड्यावरून जाऊन ग्रीनच्या मागच्या कडेला थांबला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. कॅडी काहीच बोलला नाही, फक्त पटर हातात देताना त्याने बोटाने एक जागा दाखवली, झेंड्याच्या पार डावीकडे, जिथे मारायचं मला पटेना. मी सरळ झेंड्यावर मारला. बॉल होलच्या शेजारून गेला, वेग घेतला आणि स्ट्रॅथमध्ये उतरला. ग्रीनवरून, पटरने. तिथून ७. तेव्हापासून मी हा होल एकाच पद्धतीने खेळतो: झेंडा कुठेही असो, दोन बंकरांच्या मधल्या तोंडावर नेम आणि ग्रीनच्या पुढच्या तिसऱ्या भागापर्यंतच जाईल असा क्लब. अलीकडे राहिला तरी चालतो. तिथून चढणीवर पटरने मारता येतो आणि ४ कुठे जात नाही. पलीकडे गेला तर तुमच्या हातात काही उरत नाही.

बाराव्या टीवरून फेअरवे निर्धोक दिसतो आणि हीच त्याची खोड. मधोमध बंकर आहेत, टीवरून एकही दिसत नाही. कारण ऐतिहासिक आहे: एकोणिसाव्या शतकात बराच काळ हा कोर्स उलट दिशेने खेळला जायचा, आणि त्या दिशेने हे बंकर नीट समोर दिसत. म्हणून एक सुचवतो. ओल्ड कोर्स रविवारी खेळायला बंद असतो, गावकरी आणि पाहुणे तिथे फिरतात. तुमच्या मुक्कामात रविवार येत असेल तर संध्याकाळी बाराव्या ग्रीनवरून टीकडे उलटं चालत या. सगळे बंकर एकामागून एक तोंड उघडून समोर येतात. एकदा पाहिले की विसरत नाहीत. खेळताना टीवरून कॅडी सांगेल त्या रेषेवर, बंकरच्या अलीकडे थांबेल असा लोखंडी क्लब. ग्रीनवर मध्ये आडवी, अरुंद पायरी आहे. झेंडा तिच्यावर असेल तर वेजने पायरीवर उतरवायच्या भानगडीत न पडता जमिनीवरून बॉल वर चढवा.

तेराव्याला कॉफिन्स नावाचे बंकर टाळण्यापुरता डावीकडे, सहाव्याच्या फेअरवेकडे मारा आणि पुढे चला.

चौदावा, लाँग. स्पर्धेच्या टीवरून सहाशे यार्डांच्या वर जातो, आपल्या टीवरून ५३० च्या आसपास. उजवीकडे भिंत आणि हद्द, डावीकडे बियर्डीज बंकर, मधल्या सपाट पट्ट्याला एलिशियन फील्ड्स म्हणतात. ड्राइव्ह त्या पट्ट्यात बसला की माणूस खूश होतो आणि दुसऱ्या फटक्याला थ्री वूड हा लांब मारायचा क्लब उचलतो. समोर ग्रीनच्या शंभरेक यार्ड अलीकडे हेल बंकर आहे, माणूस उभा राहिला तरी दिसू नये इतका खोल. १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निकलॉस त्यात उतरला. दोनदा इथे ओपन जिंकलेला माणूस, पण त्याने या होलला १० घेतले. तुम्ही दुसरा फटका डावीकडे, पाचव्याच्या फेअरवेवर मारा. उगाच वळसा घेतल्यासारखं वाटेल, पण तिथून बाजूने ग्रीन मोकळं दिसतं. ग्रीनच्या पुढे उभा चढ आहे आणि वर पोचल्यावर ते मागच्या बाजूला उतरतं, म्हणून झेंड्यापर्यंत उडवलेला बॉल मागे पळतो. चढाच्या पायथ्याशी टप्पा पाडून वर पळवलेला बॉल थांबतो. ६ घेऊन निघालात तर काहीच बिघडलं नाही.

सोळाव्याला मधोमध प्रिन्सिपल्स नोज हे बंकरांचं त्रिकूट आणि उजवीकडे जुन्या रेल्वेच्या कडेने हद्द. दोन्हींच्या मधल्या बोळातून मारलं तर ग्रीनचा कोन सुंदर मिळतो. मी सहा राउंडांत एकदाही तो प्रयत्न केलेला नाही आणि तुम्हीही करू नका. डावीकडे.

आता सतरावा, रोड होल. आपल्या टीवरून ४५५ च्या आसपास, पार ४. तुम्ही तो पार ५ समजून खेळायचा आहे, आणि तुमचा जादा फटका धरला तर तो तुमच्यासाठी ५ चाच आहे.

टीवरून फेअरवे जवळजवळ दिसत नाही. समोर हिरवी शेड आणि तिच्यावर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत. कॅडी तुमचा स्विंग सोळा होल पाहून आता एखादं अक्षर सांगतो. ऐका त्याचं. उजवीकडे हॉटेलची हद्द आहे, त्यामुळे बॉल उजवीकडे वळवायची सवय असेल तर डावीकडचं अक्षर मागा. मात्र फार डावीकडे पळालात तर दाट रफ (वाढलेलं गवत), आणि तिथून ग्रीनच्या रेषेत बरोबर रोड होल बंकर उभा.

ग्रीन अरुंद, लांबट, तिरकं बसवलेलं. पुढच्या डाव्या कुशीत तो बंकर, आणि मागे लगेच डांबरी रस्ता, त्याच्या पलीकडे दगडी भिंत. रस्ता कोर्सचा भाग धरतात. बॉल तिथे गेला तर आहे तिथून, डांबरावरून मारायचा, फुकट उचलता येत नाही. १९८४ साली टॉम वॉटसन सेव्ह बालेस्टेरॉसच्या बरोबरीने चालला असताना त्याचा दोन नंबर लोखंडीचा फटका ग्रीन ओलांडून रस्त्यापलीकडे, भिंतीजवळ गेला आणि ओपन तिथेच निसटली. सेव्हला पहिल्या तीन दिवसांत या होलला प्रत्येकी ५ पडले होते. चौथ्या दिवशी ४ मिळाला आणि त्याने अठराव्याला बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. १९७८ मध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट उतारावरून त्या बंकरमध्ये घरंगळला आणि होल ९ ला संपला.

म्हणून दुसऱ्या फटक्याला, २०० च्या वर अंतर उरलेलं असताना, ग्रीनकडे मारायचंच नाही. सहा किंवा सात नंबरने फेअरवेच्या उजव्या अंगाला, ग्रीनच्या तोंडापासून तीस-चाळीस यार्ड अलीकडे या. तिथे उभं राहिलं की चित्र बदलतं. बंकर डाव्या हाताला पडतो आणि ग्रीन लांबीच्या दिशेने समोर उलगडतं. तिसरा फटका पटरने किंवा आठ नंबरने जमिनीवरून, झेंडा बंकरच्या मागे असला तरी त्याच्या उजवीकडेच. बॉल वीस फुटांवर थांबू दे. दोन पट, ५. मी तिसऱ्या राउंडपासून हेच करतो आणि त्यानंतरच्या चार राउंडांत मला या होलला तीनदा ५ आणि एकदा ६ मिळालाय. त्याआधीचे दोन आकडे ८ आणि ९ होते. २०२२ ची ओपन जिंकताना कॅमेरॉन स्मिथ शेवटच्या दिवशी याच बंकरच्या अलीकडे सापडला होता. त्याने वेज काढला नाही, पटरने बंकरला वळसा घालून बॉल वर नेला आणि पार वाचवला. जगातले सर्वोत्तम हात असलेला माणूस तिथे पटर वापरतो, हे लक्षात ठेवा.

अठराव्याला समोर क्लबहाउसचं घड्याळ दिसेल. नेम घड्याळावर किंवा त्याच्याही डावीकडे. पहिल्याचा फेअरवे तुमचाच आहे, बेलाशक मारा. उजवीकडे रस्ता, दुकानं आणि हद्द. फोटो स्विल्कन ओढ्यावरच्या पुलावर काढाच, पण मागच्यांना खोळंबून ठेवू नका.

उरते ती ग्रीनच्या पुढची डावी घळ, व्हॅली ऑफ सिन. झेंडा बहुतेक वेळा तिच्या वरच्या काठाजवळ असतो. मोजून झेंड्याइतकाच मारलेला वेज काठावर पडतो आणि परत घळीत येतो. एक क्लब मोठा घ्या आणि ग्रीनच्या मध्यावर उतरा, मागून उताराचा पट करावा लागला तरी. घळीत राहिलातच तर पुन्हा पटर. १९९५ मध्ये कोस्तांतिनो रोक्काची चिप (ग्रीनजवळून उचललेला छोटा फटका) इथेच फसली, आणि मग त्याने घळीतून पटरने बॉल थेट होलमध्ये घातला. प्लेऑफ (बरोबरीनंतरचा निर्णायक खेळ) तो जॉन डेलीशी हरला, तो भाग वेगळा. तुम्ही चढ पाहून जितका जोर ठरवाल त्याच्या दीडपट मारा. माझे इथले सगळे पट आखूड पडलेत, आणि घळीत उभं राहिल्यावर झेंड्याचा फक्त वरचा भाग दिसत असल्यामुळे तुमचेही पडतील. एका मित्राला वर उभं करा, झेंडा धरायला सांगा, आणि त्याच्या बुटांकडे बघून मारा.